आधी मामंजींचा घास

सासूबाईंच्या नाकात नळी घालून इस्पितळाने आम्हाला तीन आठवड्यांसाठी घरी पाठवलं, तेव्हा डॉक्टरांनी मला एकच गोष्ट दोनदा सांगितली. गालावरच्या विजेच्या शेकाचा अर्धा भाग झाला होता, अर्धा राहिला होता. भाजून निघालेलं तोंड जरा निवावं म्हणून मधे ही सुट्टी. "परत याल तेव्हा वजन चाळीस किलोच्या वर पाहिजे. खाली गेलं तर पुढचा शेक त्यांना झेपणार नाही, आणि आम्ही देणारही नाही," डॉक्टर म्हणाले. अर्ध्यावर सोडलं तर काय होईल, असं मी विचारलं. "तर मग आतापर्यंत केलेलं सगळं पाण्यात," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा चाळीसचा आकडा सांगितला.

निघताना त्यांचं वजन एक्केचाळीस होतं. म्हणजे हातात होता तो एक किलो. भाजीवाली एका खेपेला तोलून देते तेवढा.

मशेरीने घात केला होता. आमच्या बाजूच्या बायका चूल पेटवायच्या आधी मशेरी लावून बसतात, तशा सासूबाईही बसत. गालाच्या आत गाठ आली, ती फुटली, जखम भरेना, आणि शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गालावर विजेचा शेक सुरू झाला. थोड्याच दिवसांत तोंड आतून इतकं सोललं की पाण्याचा घोट घेताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मग नाकातून पोटापर्यंत रबराची नळी घातली आणि चिकटपट्टीने नाकाला डकवली. घरी येताना पदर त्यांनी इतका पुढे ओढला होता की बोईसर स्टेशनवर ओळखीच्या बाईने मलाच विचारलं, ही नवी नवरी कुणाची.

आमचं घर तारापूरच्या अलीकडे, समुद्राला धरून. नारळ, केळी, पानवेलींची वाडी आणि आत बोईसरच्या बाजूला थोडं गवताचं कुरण. त्या काळात अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. माझे यजमान तिथे भांडारात कारकून होते. सकाळी डबा घेऊन सायकलवर जायचे ते दिवेलागणीला यायचे. घरात मी, सासूबाई आणि मामंजी. मामंजी म्हणजे माझे सासरे. पहाट झाली की ते वाडीत, दुपारी जेवायला घरी, परत वाडीत, संध्याकाळी घरी. त्यांच्या येण्याजाण्यावर घड्याळ लावावं.

नळीचं काम मला इस्पितळातल्या सिस्टरने शिकवलं होतं. रोग्याला ताठ बसवायचं. आधी काचेच्या पिचकारीने नळीतून जरासं ओढून पाहायचं. पोटातलं पाणी आलं तर नळी जागेवर आहे, नाही आलं तर थेंबही ओतायचा नाही. मग पिचकारीचा दट्ट्या काढून नुसतं नळकांडं नळीला लावायचं, वर धरायचं आणि वरून पातळ अन्न ओतायचं. ते आपल्या वजनाने जातं, ढकलायचं नाही. शेवटी पाणी, आणि मग अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. मी हे एका सकाळीत शिकले. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात, पण माझा हात पहिल्यापासून स्थिर होता, आणि हे सांगायला दुसरं कोणी तिथे नव्हतं.

आता ओतायचं काय? दूध, अंडं, साखर, डाळीचं पाणी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी त्यात आमच्याकडचं घातलं. नाचणीचं सत्त्व, नारळाचा रस, पाट्यावर गंधासारखं वाटलेलं केळं, वर चमचाभर तूप. सातपाटीहून येणारी मासेवाली टोपली उतरवायची तेव्हा तिच्याकडून ताजा मासा घेऊन, काटा न् काटा काढून, त्याचंही पाणी केलं. पहिल्या दिवशी नाचणीची गुठळी नळीत बसली. मग कोमट पाणी घालून, थोपटून थोपटून ती सोडवली. त्यानंतर मामंजींच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून सगळं दोनदा गाळल्याशिवाय मी पिचकारी हातात धरली नाही. मामंजी म्हणायचे, "माझं धोतर बायकोच्या पोटात चाललंय." तेवढंच हसू घरात होतं.

दर दोन तासांनी थोडं थोडं द्यायचं, असा हुकूम होता. इथेच घोडं अडलं.

सकाळी पहिलं दूध त्या घ्यायच्या. त्यानंतर मी पिचकारी घेऊन गेले की हाताने नको नको करायच्या. बोलणं तोंडातल्या जखमांमुळे तुटक झालं होतं. "आता नको. भरलंय पोट." तासाने गेले तरी तेच. दुपारी मात्र मी हाक मारायच्या आत भिंतीला टेकून, मान वर करून तयार बसलेल्या. मग दुपारच्याला मी जास्त ओतायची, सकाळचं राहिलेलं भरून काढायला. अति तेथे माती. पोट एकदम फुगायचं, मळमळायचं, आणि दोनदा तर सगळं उलटून पडलं. मी समजले, शेकाने आतडी नाजूक झाली असतील.

आठवड्याने मामंजी म्हणाले, वजन करून पाहू. गावात माणसाचा काटा कुठून असणार? दवाखानासुद्धा लांब. पण गवताचे दिवस होते, आणि बोईसर स्टेशनाजवळच्या वखारीत गासड्या तोलायचा मोठा तराजू टांगलेला असायचा. बैलगाडीत गवत घातलं, गवतावर सासूबाईंना बसवलं आणि वखार गाठली. मामंजींनी वखारवाल्याच्या कानात सांगितलं. तो भला माणूस, हमालांना बाहेर पिटाळलं आणि पारड्यात धुतलेलं पोतं अंथरलं. सासूबाई पदर सावरून पारड्यात मांडी घालून बसल्या. आयुष्यात असा अपमान झाला नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. दुसऱ्या पारड्यात वजनं चढली आणि काटा सरळ झाला.

एकोणचाळीस.

मामंजींनी वजनं परत परत मोजली. गाडी घरी वळली. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जन्माचा स्वभाव आहे. कोणावर रागवावं ते कळत नव्हतं, म्हणून मी बैलांवर ओरडत होते.

दोन दिवसांनी मामंजींना जमिनीच्या कामासाठी पालघरला कचेरीत जावं लागलं. सकाळी गेले ते संध्याकाळी आले. त्या दिवशी सासूबाईंनी सकाळच्या दुधानंतर काही म्हणजे काही घेतलं नाही. दुपारचंही नाही. मी विनवलं, दटावलं, रडले. त्या दाराकडे तोंड करून बसलेल्या. संध्याकाळी मामंजी आले, पाय धुतले, पाटावर बसले, जेवले, चूळ भरली. चूळ भरल्याचा आवाज झाला मात्र, सासूबाई सरकत भिंतीला आल्या आणि मान वर करून माझ्याकडे बघू लागल्या.

शीतावरून भाताची परीक्षा झाली. इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. या घरात आल्यापासून त्या बाईने नवऱ्याच्या आधी अन्नाला हात लावलेला नव्हता. सकाळी दूध घ्यायच्या, कारण मामंजी चहा-भाकरी खाऊनच बाहेर पडत. त्यानंतर दुपार. त्यानंतर रात्र. बायको वाटेल तेव्हा जेवते आणि नवरा वाडीत उपाशी राबतोय, ही कल्पनाच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती, मग अन्न कसं उतरणार!

"आत्या," मी म्हटलं. सासूला आम्ही आत्या म्हणतो. "अहो, हे जेवण नाही, औषध आहे!"

"पोटात जाते ना?" त्या म्हणाल्या. एकेक शब्द सांभाळून, गाल हलू न देता. "ते उपाशी हायेत, न मी पोट भरू?"

"तोंडाने कुठे खाताय? नळीने जातंय!"

"नळीने जावो, नायतर कशाने जावो."

गंमत म्हणजे उपास त्यांनी डॉक्टरांच्या एका शब्दावर सोडले होते. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे. देवाला समजावता येतं, तो मोठा आहे, असं त्यांचं म्हणणं. घराची रीत मात्र देवाहून वरची. रात्री यजमानांनी आईला डॉक्टरांचं बोलणं पुन्हा सांगितलं. त्यांनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी परत "भरलंय पोट".

मी मामंजींकडे गेले. "तुम्हीच हुकूम करा त्यांना," म्हटलं.

मामंजी पानवेलीला पाणी लावत होते. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्यांना समुद्र आटवायला सांगितला होता. "आजवर मी तिला कधी हुकूम केलाय? करून बघितलं एकदोनदा, नवीन लग्न झालं तेवा. तिने ताकास तूर लागू दिली नाय आणि करायचं तेच केलं."

"मग तुम्हीच जेवा!" मी चिडून म्हणाले. "दर दोन तासांनी तुम्हीच घरी येऊन जेवा, म्हणजे त्यांची रीत राहील आणि वजनही राहील!"

रागाच्या भरात बोलून गेले. पण तोंडातून शब्द बाहेर पडला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. मामंजींनी कुदळ खाली ठेवली. "कितीसं जेवायला लागेल?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मोजायला बोटं पुढे केली. मग त्यांनी आपले कायदे सांगितले. नुसता चहा चालणार नाही, चहा म्हणजे जेवण नव्हे. वाडीत उभ्या उभ्या खाल्लेलं धरायचं नाही. पाटावर बसून, हात धुऊन, अन्नाचा घास पाहिजे. मुलाचा प्रश्न नव्हता, त्याचा डबा बरोबर जातो म्हणजे तो जेवल्यातच जमा. आणि भेटायला पाहुणा आला असेल तर आधी पाहुणा. मी म्हटलं, चालेल. त्या वेळी त्यांनी समोर हत्ती जेवायला बसवायला सांगितला असता तरी मी बसवला असता.

तेव्हापासून आमच्या घरी थाळी वाजायला लागली. वेळ झाली की मी मागच्या दारी उभी राहून पितळी थाळीवर पळीने ठोके द्यायची. आवाज विहिरीपलीकडे वाडीच्या टोकापर्यंत जायचा. मामंजी हातातलं काम टाकून यायचे, पाय धुवायचे, पाटावर बसायचे आणि दोन घास भात, नाहीतर अर्धी भाकरी, नाहीतर एखाद्या घावनाचा चतकोर खायचे. सासूबाई दारात बसून बघायच्या. शेवटचा घास गिळला गेला की मान हलवायच्या आणि भिंतीला टेकायच्या. मी पिचकारी वर धरायची. पोटात पाणी आहे ना, बघायची, आणि ओतायची. थोडंसंच. पोट फुगत नव्हतं, मळमळत नव्हतं, उलटी बंद झाली.

मामंजी मात्र तोंड वाकडं करून यायचे. चार दिवसांत त्यांना भाताकडे बघवेना. "केळं चालेल का गं?" असं ते मला हळूच विचारायचे, आणि आतून उत्तर यायचं, "पाटावर बसून." पाचव्या दिवशी लग्नातलं जेवण जेवल्यासारखे ते सुस्त पडले आणि म्हणाले, "आजारी ती न् औषध मला!" वाडीत कामाला येणारी वारली बाई होती, मोठी तोंडाळ. थाळी वाजली की ती मोठ्याने ओरडायची, "शेट, पडला टोला! जा, जेवा! नायतर म्हातारी उपाशी मरेल न् तुमच्या नावाने बोंब होईल!" गावात वेगळंच पसरलं. आजारपण बायकोचं आणि म्हाताऱ्याला भस्म्या रोग झालाय, अशी बातमी माझ्या माहेरी पालघरपर्यंत पोचली. माझी आई काळजीने बघायला आली. ती पाहुणी, म्हणून आधी तिलाही जेवावं लागलं.

भेटायला येणाऱ्यांचा लोंढा थांबत नव्हता. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं चुकवत नाहीत, आणि आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. मी चुलीवर भाताचं मोठं टोप सतत ठेवलं. जो येईल त्याच्या पुढ्यात पान. "वेळ नाय, बस चुकेल," असं कोणी म्हणालं की मी सरळ सांगायची, तुम्ही जेवल्याशिवाय यांच्या नळीत काही जाणार नाही, आता ठरवा. मग मुकाट्याने जेवायचे. पाठ मोडायची माझी, पण मी थकले नाही. कसं थकेन? सासूबाईंच्या गालावर रंग दिसायला लागला होता. नळी लावलेल्या नाकाने त्या मला वाटणात खोबरं जास्त झालंय हे खुणेने सांगायला लागल्या, तेव्हाच मला कळलं की गाडी वळणावर आली. आजारी माणूस सुनेच्या चुका काढायला लागलं की समजावं, बरं वाटतंय.

दुसऱ्यांदा वखारीत गेलो तेव्हा तराजूने चाळीसच्या वर आकडा दाखवला. वखारवाला खूष झाला आणि म्हणाला, आता मामांनाही तोलू. मामंजींनी साफ नकार दिला. सदऱ्याची बटणं ताणली होती, ती सगळ्यांना दिसतच होती.

तिसरा आठवडा संपला आणि आम्ही मुंबईला गेलो. इस्पितळाच्या लांबलचक ओसरीत बाकावर बसलो होतो. वजनाचा काटा समोरच्या खोलीत. एकेकाचं नाव पुकारत होते. माझी खात्री होती. मी रोज त्यांचा हात धरून उठवत होते, तो हात मला भरल्यासारखा लागत होता. मामंजींची खात्री नव्हती. ते सारखे उठत, खोलीत डोकावत, परत येत. मग ते नळावर गेले, बरोबरचा तांब्या भरून आणला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हा ओत तिच्या नळीत. लवकर. नाव पुकारायच्या आत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं: काट्यावर आकडा वाढावा म्हणून.

आमच्याकडे गवताच्या धंद्यात एक लबाडी चालते. वखारीला गाडी नेण्याआधी गासड्यांवर पाणी मारायचं, म्हणजे काटा जास्त दाखवतो. निम्मा गाव हे करायचा. मामंजींनी जन्मात कधी केलं नाही. भिजवलेलं गवत विकणाऱ्याच्या घरी ते पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. तो माणूस हातात तांब्या घेऊन उभा होता, आणि तांब्यातलं पाणी हिंदकळून त्याच्या धोतरावर सांडत होतं.

"मामंजी," मी म्हटलं, "लागायचं नाही. आपण तोलून आलोय."

"वखारीचा काटा तो. त्याचा काय भरवसा?"

"वखारवाला गवत विकत घेतो, त्याचा काटा कमीच दाखवणार. म्हणजे इथे जास्तच भरेल."

हे त्यांना पटलं. पटलं तरी ते म्हणाले, "तरी पण ओत. माझं ऐक. एवढा एक तांब्या."

काय करावं कळेना. मी तांब्यासाठी हात पुढे करणार, एवढ्यात सासूबाईंनी पदरातून हात काढला आणि तांब्या स्वतःकडे घेतला. सगळं ऐकलं होतं त्यांनी. नवऱ्याकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं आणि तांब्या परत त्यांच्यापुढे धरला.

"आदी तुमी," त्या म्हणाल्या.

मामंजींनी तांब्या तोंडाला लावला आणि तिथेच उभ्याने, घटाघटा, सगळा पिऊन टाकला. तेवढ्यात नाव पुकारलं. सासूबाई उठल्या आणि माझा हात न धरता खोलीत गेल्या.

मामंजी आत आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सिस्टरने काटा सरकवला, वाचला, पुन्हा वाचला. बेचाळीसला जरा कमी. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि म्हणाले, उद्यापासून शेक सुरू करू, नळी मात्र अजून राहील, आणि खाणं असंच चालू ठेवा.

मी बाहेर येऊन मामंजींना आकडा सांगितला. ते बाकावर बसले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे परत दर दोन तासांनी?"

"हो," मी म्हटलं. "पाटावर बसून."

"जेवीन," मामंजी म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

आणि जेवले. शेक संपला, घरी आलो, नळी निघाली, सासूबाई तोंडाने पेज पिऊ लागल्या, तोपर्यंत तो माणूस दर वेळी तोंड वाकडं करून पाटावर बसला आणि जेवला. एकदाही आला नाही, असं झालं नाही.